भिंतीतून तुम्ही छान बोलता

१

आमच्या धंद्यात माणसं दोनच लागतात. एक वर, एक खाली. जिप्समची भिंत बाहेरून कितीही गुळगुळीत दिसली तरी आत काही नसतं हो. दोन बाजूंना पांढरे बोर्ड, मध्ये थोड्या-थोड्या अंतरावर उभ्या लाकडी पट्ट्या, आणि बाकी सगळी चार बोटांची पोकळी. तयार भिंतीत नवी केबल टाकायची तर वरचा माणूस माळ्यावर पालथा पडून भिंतीच्या डोक्यावरच्या लाकडाला भोक पाडतो आणि त्यातून वजन बांधलेली दोरी आत सोडतो. खालचा माणूस प्लगसाठी कापलेल्या चौकोनातून दोन बोटं आत घालून ती दोरी चाचपडत बसतो. सापडली की तिला केबल बांधायची आणि वरच्याने ओढून घ्यायची. घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

खाली मी असतो. वर माझी बायको. माझ्या कामातल्या आधीच्या जोडीदाराचे गुडघे गेले तेव्हा ती म्हणाली, "मी चढते, त्यात काय एवढं?" ती जी चढली, ती आज बारा वर्षं चढतेच आहे. वजनाने हलकी, तुळयांवरून मांजरासारखी जाते, आणि मोजमापात माझं एक ऐकत नाही. तिचंच बरोबर निघतं, ते वेगळं.

आमचं सगळं बोलणं भिंतीतून. "सोडू?" "सोड." "आली?" "नाही, डावीकडे घे." "आता?" "आली, आली, थांब." घरी मात्र दिवसभरात आमची दहा वाक्यं होतात, त्यांतली चार गॅस संपल्याबद्दल. मी काही वाईट माणूस नाही. दारू नाही, मारझोड नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त बोलायचं म्हटलं की जिभेला कुलूप लागतं. मनात सगळं असतं, पण तोंडात येईपर्यंत त्याचं "मीठ कमी आहे" होऊन जातं.

त्या सोमवारी सकाळी हत्यारांची पेटी गाडीत टाकताना ती म्हणाली, "हे काम झालं की मी ताईकडे जाते."

"किती दिवस?"

"बघू."

गिऱ्हाइकाला टाळायचं असलं की मीही हाच शब्द वापरतो. त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती परत यायची नाही म्हणत होती. आणि मी काय म्हणालो? "ड्रिल घेतलंस का?"

"घेतलंय," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

२

काम दातांच्या डॉक्टरीणबाईंचं होतं. त्यांनी एक जुना बैठा बंगला घेतला होता, त्याचा दवाखाना करायचा होता. खुर्च्यांसाठी, यंत्रांसाठी चार खोल्यांत नवे प्लग हवे होते. तीन दिवसांचं काम. बाईंनी किल्ली हातात दिली, "रंग नुकताच दिलाय, तेवढं सांभाळा," म्हणाल्या आणि गेल्या.

घर रिकामं होतं. पडदे नाहीत, सामान नाही, नुसतं पांढरं. खिडक्यांतून ऊन यायचं आणि फरशीवर इतकं हळू सरकायचं की बघत राहावंसं वाटायचं. बाहेर रस्ता होता, गाड्या जात होत्या, पण आत आलं की ते सगळं कुठेतरी लांब चालल्यासारखं वाटे. दुपारी जेवून आडवं झाल्यावर डोळ्यांवर जी गुंगी येते, ती त्या घरात सकाळी दहापासूनच यायची. मी दोनदा तोंडावर पाणी मारून आलो.

मेन स्विच बंद केला आणि पहिल्या खोलीची भिंत ठोकत गेलो. पोकळ जागी ठब ठब, लाकूड आलं की टक. खूण केली, चौकोन कापला. वरून बॅटरीवरच्या ड्रिलचा आवाज आला, आतल्या आत भुसा झरझर पडला. मी "सोड" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून ती म्हणाली, "सोडते हं." दोरी आली. मी म्हटलं, बारा वर्षं झाली, मनातलं कळायला लागलंय बाईसाहेबांना.

दुसऱ्या भिंतीत दोरी मध्येच अडकली. आत आडवी पट्टी असणार. वर ती खुडबुड करत होती, मी बाटली तोंडाला लावून पाणी पीत उभा होतो. तेवढ्यात ती वर हसली. चांगलं मोकळं हसली.

"नाही हो, लागलं नाही," ती म्हणाली. "आणि लागलं असतं तर? इतक्या वर्षांत आज विचारताय."

मी बाटली खाली घेतली. मी काही विचारलं नव्हतं.

३

जेवायला आम्ही तिसऱ्या खोलीत खाली बसलो. तिच्या केसांत भुसा होता, नाकाच्या शेंड्यावर काळं लागलं होतं. डबा उघडताना ती स्वतःशीच हसत होती. किती दिवसांनी हसताना बघत होतो.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. भिंतीतून तुम्ही छान बोलता."

"काय बोललो मी?"

"चला, आता लाजायला नको." तिने पोळीचा तुकडा मोडला. "हाताला लागलं का म्हणालात. दमलीस का म्हणालात. आणि ते दुसरं."

"दुसरं कुठलं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "की मी वर असले म्हणजे तुम्हाला खाली भीती वाटत असते. दर वेळी. तुळई मोडेल म्हणून."

माझा घास तोंडातच राहिला. ते खरं होतं. अगदी शब्द न् शब्द खरं. पहिल्या दिवसापासून मी खाली उभा राहून तिच्या पावलांचा आवाज मोजत असतो. पण हे मी कुणाला, अगदी कुणालाही, कधी सांगितलं नव्हतं.

मी स्वतःची समजूत घातली. पोकळ भिंत घुमते. मी पुटपुटत असेन आणि मला कळत नसेल. वय झालं की माणूस पुटपुटतोच, माझे वडील तर चपलेशी बोलायचे. आणि समजा बोललो मी, तर बिघडलं कुठे? बायको हसली ना? मी भाजी वाढून घेतली. मीठ बरोबर होतं, तेही सांगितलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी मी जरा हुशारी केली. तोंडात दोन स्क्रू धरले. तशीही ही माझी सवय आहे, पण त्या दिवशी मुद्दाम ओठ घट्ट मिटून धरले. म्हटलं, आता बघतो कोण पुटपुटतंय.

ती वर गेली. तुळया करकरल्या. मी पावलं मोजली, ती भिंतीच्या डोक्यावर आली, पालथी पडली. मी स्क्रू दातांत धरून गप्प उभा. मग ती म्हणाली, "अय्या, खरंच?"

मी कान भिंतीला लावला.

स्वतःचा आवाज स्वतःला पटकन ओळखू येत नाही. मी माझा एकदा फोनवर रेकॉर्ड झालेला ऐकलाय. नाकातला, किरकिरा, जरा रडका. हा तोच होता. फक्त त्याला घाई नव्हती. शेजारी आडवं पडलेल्या माणसाशी बोलावं तसा हळू, मजेत बोलत होता.

"तुमच्या दाराची बेल बसवायला आलो होतो ना मी," तो सांगत होता. "ती मुद्दाम चुकीची जोडली. दोन दिवसांत बंद पडेल अशी. नाहीतर तुझ्या घरी परत यायला कारण काय होतं मला?"

"अगं बाई! आणि बाबांनी तुम्हाला केवढं बोलून घेतलं तेव्हा!"

"घेतलं. पण पाणी तूच आणून दिलंस की."

ती खळखळून हसली आणि माझ्या तोंडातले स्क्रू फरशीवर पडले. बेलची गोष्ट. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढी एकच चलाखी केली होती आणि ती कधी तरी, म्हातारपणी, दोघंच असताना तिला सांगायची म्हणून जपून ठेवली होती. आता कुणीतरी ती सांगून टाकली होती.

"अहो, गप्प का झालात?" तिने वरून विचारलं.

मी टेप काढली. भिंत बाहेरून मोजली, आतून मोजली. साडेतीन इंचांची पोकळी, त्यात माणूस तर सोडाच, धड उंदीरही उभा राहायचा नाही. मग चौकोनातून हात मनगटापर्यंत आत घातला. भिंतीच्या आत गार लागतं, माळ्यावरचा वारा उतरतो. इथे ऊब होती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणात असते तशी. मी हात बाहेर घेतला आणि शर्टाला पुसला.

खरं तर तेव्हाच तिला खाली बोलवायला हवं होतं. सांगायला हवं होतं, की अगं, मी नव्हतो तो. तोंडापर्यंत आलंही. मग वर ती गुणगुणायला लागली. काम करताना गुणगुणायची सवय तिने कधी सोडली तेही मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, आजच्या दिवस राहू दे.

५

संध्याकाळी घरी आलो तर पलंगावर तिची बॅग होती, ताईकडे न्यायची. तिने ती उघडली आणि त्यातून दोन कपडे काढून परत कपाटात ठेवले. मी दारात उभा राहून बघत होतो.

"ताईला सांगते, आत्ताच नको," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात बघू." मग माझ्याकडे वळून, डोळे बारीक करून, "बेल खरंच मुद्दाम चुकीची जोडली होती?"

"हो," मी म्हणालो.

यात खोटं काय होतं? बेल मीच जोडली होती. मुद्दामच जोडली होती. सांगितलं फक्त दुसऱ्या कुणी. आणि मी "हो" म्हणालो, ते सगळं माझ्या नावावर घेऊन मोकळा झालो. तिचा चेहरा असा उजळला की मला स्वतःची शरम वाटली, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

ती पलंगावर बसली. जवळची जागा हाताने झाडली, म्हणजे बसा. मी बसलो. ती वाट बघत होती. आता मी बोलणार, भिंतीत बोललो तसा. मी खूप प्रयत्न केला. जाऊ नकोस, तू नसलीस तर मला या घरात करमणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. सगळे शब्द रांगेत उभे होते.

"उद्या चौथी खोली," मी म्हणालो. "तिथे दोन केबल लागतील."

ती उठली. रागावली नाही, तेच वाईट वाटलं. "तुम्हाला ना," ती म्हणाली, "समोर माणूस चालत नाही. भिंतच लागते." आणि चहा टाकायला गेली.

६

तिसऱ्या दिवशी मी ठरवून आलो होतो. ती वर चढायच्या आत बोलायचं. समोरासमोर. शिडी धरून उभा राहिलो, ती दोन पायऱ्या चढली आणि तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं.

"अगं," मी म्हणालो.

"काय?"

"जपून."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, भुसा झटकल्यासारखा केला. "बाकीचं आत सांगा," ती म्हणाली आणि वर गेली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मला तिने असं दुसऱ्याकडे बघावं हे सहन झालं नसतं. ती बघत माझ्याकडेच होती, पण चढत होती त्याच्याकडे.

हसू नका. माझ्या आवाजाचा मला मत्सर वाटला. अंगाची लाही लाही झाली. मी चौथ्या खोलीत धावत गेलो, गुडघ्यांवर बसलो आणि आल्या आल्या कापून ठेवलेल्या चौकोनाला तोंड लावलं. आज त्याच्या आधी मी. वर पावलं आली. एक, दोन, तीन. ती पालथी पडली, ड्रिल चाललं, दोरी उतरून माझ्या बोटांत आली, तिचा श्वास ऐकू आला. मी डोळे मिटले आणि माझ्या उभ्या जन्मात जे जमलं नव्हतं ते म्हणालो.

"जाऊ नकोस ना. ताईकडे जाऊ नकोस. तुझ्याशिवाय मला राहता येत नाही गं."

आवाज चिरकला, मध्ये रडू आलं. पण म्हणालो. सगळं म्हणालो.

मग तिने दबक्या आवाजात, घाबरून विचारलं, "अहो? खाली कोण आलंय?"

आणि माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर, भिंतीच्या आत, माझाच आवाज सावकाश म्हणाला, "कुणी नाही. वायरमन आहे. काम चाललंय त्याचं. तू ये."

"अगं, मी आहे!" मी ओरडलो. "मी! तुझा मी!"

"किती आरडाओरडा करतात ही माणसं," ती म्हणाली. गिऱ्हाइकं आमच्याबद्दल बोलतात ना, तसं. राग नव्हता त्यात. मग तिचा आवाज मऊ झाला. "थांबा हं. आले."

दोरीचं टोक माझ्या बोटांत होतं. ते ढिलं पडलं. आणि भिंतीतून, वरून खाली, काहीतरी उतरू लागलं. केबल उतरते तसंच, लाकडाला घासत, मध्येच अडकत, पुन्हा सुटत. पण केबलचा आवाज कोरडा असतो. हा कापडाचा होता. भिंत कुठे फुगली नाही, रंगाला तडा गेला नाही. आवाज माझ्या डोक्याच्या उंचीवर आला, खांद्याच्या, छातीच्या, आणि तिथे थांबला. कुणीतरी समाधानाने श्वास सोडला.

मी शिडीवरून कसा चढलो मला माहीत नाही. माळ्यावर तिची बॅटरी पेटलेली होती. ड्रिल नीट बाजूला ठेवलेलं होतं. तुळयांवरच्या धुळीत ती पालथी पडली होती तेवढी जागा पुसलेली होती. कोपरांची जागा, गुडघ्यांची जागा. आणि समोर लाकडात भोक होतं, माझ्या अंगठ्याएवढं. मी अंगठा घालून बघितला. तेवढाच गेला.

सगळा माळा पालथा घातला, तिच्या नावाने हाका मारत. दुसरी वाट नव्हती. पत्रे जागच्या जागी, जाळी जागच्या जागी. खाली येऊन प्रत्येक खोली बघितली, मागचं दार बघितलं. आतून कडी होती. रस्त्यावर एक माणूस कुत्रा फिरवत चालला होता आणि सगळं अगदी नेहमीसारखं होतं.

७

चौथ्या खोलीत परत आलो. ऊन फरशीवरून भिंतीपर्यंत सरकलं होतं. मी बॅटरी चौकोनाला लावली आणि एक डोळा मिटून आत बघितलं.

साडेतीन इंच. मी स्वतः मोजले होते. समोर बोर्डाची मागची करडी बाजू दिसायला हवी होती. ती दिसली नाही. बॅटरीचा उजेड आत गेला आणि जातच राहिला, मग कशावर तरी पडला आणि मऊ झाला. पाय होते. तिचे. एकावर एक ठेवलेले, कुशीवर झोपलेल्या माणसाचे असतात तसे. तळवे माळ्यावरच्या धुळीने काळे. टाचेला भेग होती, तिला मी सहा महिन्यांपासून मलम आणतो आणतो म्हणत होतो.

मग एक हात आला आणि त्याने तिच्या पायांवर पांघरूण ओढलं. हळूच, टाचा झाकल्या जातील असं. त्या हाताच्या अंगठ्याचं नख काळं होतं. मी माझा अंगठा बॅटरीच्या उजेडात धरून बघितला. मागच्या महिन्यात हातोडी बसली होती, तेव्हापासून काळंच आहे.

मी करवत काढली. रंग गेला खड्ड्यात, डॉक्टरीणबाई गेल्या खड्ड्यात, अख्खी भिंत उतरवतो म्हटलं. चौकोनाच्या कोपऱ्यात पातं घातलं आणि जोर लावून ओढलं. बोर्ड किंचाळला. पांढरी भुकटी माझ्या मनगटांवर पडली. दोन वेळा ओढली, तीन वेळा.

"मिस्त्री," आतून माझा आवाज आला. अगदी जवळून, कुजबुजल्यासारखा, आणि मला म्हणायला हवं की फार सभ्यपणे. "जरा हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी थांबलो. भिंतीला कान लावला. तिचा श्वास ऐकू येत होता, लांब आणि सावकाश. आमच्या घरात ती इतकी शांत झोपलेली मी कधी ऐकली नव्हती. रात्री कूस बदलायची, उसासे टाकायची, मी जागा असायचो आणि झोपेचं सोंग घ्यायचो.

शपथेवर सांगतो, मी पातं बाहेर काढलं. करवत खाली ठेवली. फरशीवर वाजू नये म्हणून आधी फडकं पसरलं आणि त्यावर ठेवली.